मशीन गोठ्यात पोचलं, पण त्याला तेल कुणी घालायचं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी करवीर तालुक्यातला. म्हशी भादरायचं काम करतो, २२ वर्षं झाली. माझ्या आधी वडील करायचे, त्यांच्याकडं हातानं दाबायचं मशीन होतं आणि नाजूक जागेला वस्तरा. मी लाईटवरच्या मशीनवर आलो आणि गेली काही वर्षं भादरण्याबरोबर या मशीनांच्या ब्लेडना धार लावून देणं, उघडून साफ करून देणं हे पण करतोय, गोठ्यातली असोत की शहरातल्या कुत्र्यांच्या पार्लरमधली. पेपरला पत्र लिहायची पहिलीच वेळ आहे, मोबाईलवर टाईप करतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या पण छापा मात्र नक्की.

लिहायला बसलो त्याला कारण घडलं. दिवाळीला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवायची, पळवायची पद्धत आहे, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि त्याच्या आधी म्हैस भादरून चकचकीत काळी करायची, काहीजण तर अंगावर केसांची नक्षी ठेवून घेतात. त्या आठवड्यात मला जेवायला सवड नसते. एका ओळखीच्या गवळ्याकडं जायला मला दोन दिवस उशीर झाला आणि त्यानं ऑनलाईन मागवलेलं नवीन मशीन काढून स्वतःच सुरू केलं. पाठ, मान, फरा सगळं झालं, कासेजवळ आला आणि म्हशीनं अशी लाथ मारली की मशीन गव्हाणीत जाऊन पडलं. कासेच्या चामडीला दोन बोटं लांब चीर. डॉक्टर आले, तीन टाके पडले, आणि म्हैस आठ दिवस धार काढू देईना. ब्लेडची धार गेली होती त्यात म्हशीची पण धार गेली. दोष म्हशीचा नव्हता आणि माझ्या मते त्या गवळ्याचा पण नव्हता, कारण मशीन विकताना त्याला कुणी एक शब्द सांगितलेला नव्हता.

ते मशीन मी घरी आणलं आणि वर्तमानपत्र अंथरून त्यावर उघडलं. आत काय काय निघालं ते सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्या कागदावर होतं.

पहिलं म्हणजे तेल. दोन ब्लेडच्या मधे काळपट पिवळा चिकट थर होता, त्यात केस रुतून बसलेले, नखानं खरवडलं तरी निघेना. विचारलं तेल कुठलं घातलंस, तर म्हणाला खोबरेल. मला हेच उत्तर दहातल्या आठ जणांकडून मिळतं. घरात असतं, शुद्ध असतं, म्हशीला पण चालतं, मग ब्लेडला का नको असं लोकांना वाटतं. पण बघा, खोबरेल तेल २४ डिग्रीच्या आसपास थिजतं, थंडीच्या दिवसात सकाळी बाटली चुलीजवळ ठेवावी लागते हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि नेमक्या दिवाळीनंतरच्या थंडीत सकाळी गोठ्यात आपण तेच तेल मिनिटाला हजारो वेळा घासणाऱ्या दोन लोखंडी पात्यांच्या मधे घालतो. गोडेतेल, करडई, सोयाबीन यांचं तर त्याहून वाईट, ती गरम झाली की हळूहळू वार्निशसारखी चिकटतात. ब्लेडला पातळ मिनरल तेलच लागतं. मशीनबरोबर छोटी बाटली येते ती संपली की शिलाई मशीनचं तेल घ्या, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, माझं २२ वर्षं त्याच्यावरच चाललंय. गाडीचं इंजिन ऑईल नको, जाड असतं आणि जनावर अंग चाटतं. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात तेपण तेलाच्या जागी वापरू नका, त्यानं घाण सुटते पण त्याचा थर टिकत नाही, दहा मिनिटांनी ब्लेड परत कोरडं.

आणि तेल किती वेळा? इथं सगळे चुकतात. लोक एकदा सुरू करताना दोन थेंब टाकतात आणि अख्खी म्हैस काढतात. तेल दर दहा-पंधरा मिनिटांनी घालायचं असतं, मशीन चालू ठेवून, दातांच्या टोकांवर, दोन ब्लेड जिथं एकमेकांवर सरकतात तिथं, आणि ज्या मशीनला डोक्यावर भोक दिलेलं असतं त्या भोकात पण. जास्तीचं फडक्यानं पुसायचं. तेलाचं काम नुसतं सरकवायचं नाही, ते गरम होऊ देत नाही, गंज धरू देत नाही आणि बारीक केस बाहेर ढकलतं. कोरडं ब्लेड आधी गरम होतं, मग बोथट होतं, मग केस कापायच्या ऐवजी ओढतं. आणि केस ओढला की जनावर हलणारच, आपल्याला पण सलूनमध्ये मशीननं केस ओढला की डोळ्यात पाणी येतं ना.

गरम ब्लेडचं जरा सविस्तर सांगतो कारण कुत्र्यांच्या बाबतीत हीच मोठी तक्रार असते. माझ्याकडं एक ताई स्पॅनियल घेऊन आल्या, मी डॉक्टर नाही, पण त्या मशीन दाखवायला आल्या होत्या आणि कुत्रं बरोबर होतं. पोटावर आणि जांघेत लालभडक चट्टे. त्यांना वाटलं शाम्पूची ॲलर्जी. ते ब्लेडचं भाजणं होतं. आपण मशीन वरून धरतो, हाताला बॉडी कोमट लागते, पण खालच्या ब्लेडचा जो भाग कातडीला टेकतो तो किती तापलाय ते आपल्याला कळत नाही आणि कुत्र्याला सांगता येत नाही. साधा उपाय आहे, दर काही मिनिटांनी ब्लेडची खालची बाजू आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. आपल्याला सहन झालं नाही तर त्याला पण होत नाही. मग थांबायचं, दुसरं ब्लेड लावायचं, तापलेलं ब्लेड शहाबादी फरशीवर पालथं ठेवून द्यायचं, चार-पाच मिनिटात गार होतं. गार करायचा स्प्रे मिळतो तो पण चालतो पण तो तेल धुऊन नेतो हे लक्षात ठेवा, स्प्रे मारला की परत तेलाचा थेंब पाहिजेच, तो न घालता नुसतं स्प्रे मारत राहणारे खूप बघितलेत आणि त्यांचीच ब्लेड माझ्याकडं सगळ्यात लवकर येतात.

आता परत त्या गवळ्याच्या मशीनकडं येतो. दुसरी गोष्ट, त्याला डोकं मेंढीचं लावलेलं होतं. ऑनलाईन सगळं एकाच नावानं विकतात, वर फोटोत गाय, म्हैस, मेंढी, घोडा, कुत्रा सगळे ओळीनं उभे. पण मेंढीच्या मशीनचं खालचं ब्लेड वेगळं असतं, साधारण १३ लांब दात आणि वरच्या सरकत्या ब्लेडला, म्हणजे कटरला, ४, दातांच्या मधे मोठी फट, कारण लोकर दाट, तेलकट असते आणि त्यात दात घुसायला पाहिजे. गाईम्हशीच्या ब्लेडला खाली ३१ च्या आसपास दात असतात आणि वर १५ वगैरे, फटी बारीक. मेंढीचं ब्लेड म्हशीच्या पाठीवर चालेल कदाचित, पण कासेची, गळ्याखालच्या पोळीची चामडी पातळ आणि सैल असते, ती त्या रुंद फटीत आत ओढली जाते आणि वरनं कटर येतो. त्या म्हशीचं नेमकं हेच झालं होतं. पार्लरवाल्यांना पण सांगतो, ज्या ब्लेडचे दात एक लांब एक आखूड असे असतात ती मांजराच्या पोटाला आणि काखेत लावू नका, त्याच कारणानं.

कुत्र्यांच्या ब्लेडच्या नंबरचा तर एवढा गोंधळ आहे की विचारू नका. नंबर मोठा म्हणजे केस मोठे राहतात असं नवीन माणूस धरून चालतो आणि ते बरोबर उलटं आहे. १० नंबर लावलं की साधारण दीड मिलिमीटर केस राहतात, ७ नंबरनं ३ मिलिमीटरच्या वर, आणि ४० नंबर म्हणजे पाव मिलिमीटर, ते ऑपरेशनच्या आधी डॉक्टर वापरतात. घरी कुणीतरी ४० नंबर लावून पॉमेरियनची पाठ साफ केलेली मी बघितली आहे, त्या जातीचे केस असे तासले की काहींचे महिनोन् महिने परत येत नाहीत. डब्यावर मराठीत दोन ओळी छापल्या तर काय बिघडतं?

तिसरं, टेन्शनचा नट, म्हणजे दोन्ही ब्लेड एकमेकांवर दाबून धरतो तो. गवळ्यानं तो पक्कडनं आवळला होता. कापत नाही म्हणून आवळला, आवळला म्हणून तापलं, तापलं म्हणून अजून बोथट झालं, म्हणून अजून आवळला. बहुतेक मोठ्या मशीनला रीत अशी असते की नट हातानं फिरवत न्यायचा, जरा अडल्यासारखा लागला की तिथून साधारण पाव फेरी, बास, नेमकं किती ते त्या मशीनच्या पुस्तकात असतंच. काम चालू असताना कापायचं कमी झालं तर किंचित पुढं न्यायचा. दोन-तीनदा नेऊन पण ओढतंय तर धार संपली, नटाचा त्यात काही संबंध उरला नाही. आणि काम झालं की नट सैल करून ठेवायचा म्हणजे स्प्रिंग दबून मरत नाही. एवढं एक जरी लोकांनी पाळलं तर माझ्याकडं येणारी निम्मी ब्लेड यायची बंद होतील, माझं नुकसान होईल पण होऊ दे.

आता धार. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

चाकू सुऱ्यांना धार लावणारा सायकलवाला असतो ना, चाकावर दगड फिरवत, त्याच्याकडं क्लिपरचं, म्हणजे आपल्या या भादरायच्या मशीनचं, ब्लेड कधी देऊ नका. मी दिलेलं आहे, सुरुवातीच्या काळात, दोन चांगली ब्लेड घालवली. त्या माणसाची चूक नाही, तो सुरीला कडा देतो, आणि इथं कडा द्यायचीच नसते. क्लिपरची धार म्हणजे कात्रीसारखं आहे, दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसून सरकतात आणि केस त्यांच्या मधे सापडून तुटतो. ते सपाटपण एका केसाएवढं जरी बिघडलं तरी मधल्या दातांना केस कापला जात नाही, नुसता दुमडतो. धार लावायची म्हणजे दातांना नाही, ब्लेडच्या आतल्या अख्ख्या तोंडाला, आणि खालचं वरचं दोन्हीला. एकालाच लावून उपयोग नाही, दोन्ही एकमेकांशी जुळायला लागतात, म्हणून मी गिऱ्हाईकांना सांगतो ब्लेडच्या जोड्या मोडू नका, याचं खाली त्याचं वर असं करू नका, जोडीवर मार्करनं खूण करा.

हे मला उद्यमनगरातल्या एका टर्नरनं समजावलं. मी त्याला ब्लेड दाखवलं, त्यानं भिंगाखाली बघितलं आणि म्हणाला की हे अगदी पूर्ण सपाट पण नाहीये, मधे किंचित खोलगट आहे, दातांची टोकं आणि मागची पट्टी एवढंच टेकतं, मधे हवा. म्हणून ते कमी घासतं आणि कमी तापतं. मग त्यानं लेथवर ॲल्युमिनियमची चकती करून दिली, मधे किंचित उंच आणि कडेला उतरती, एवढी किंचित की पट्टी ठेवून उजेडात बघितलं तरच कळतं. त्या चकतीवर घासायची पावडर आणि तेल घालून ती फिरवायची, ब्लेड लोहचुंबकाला चिकटवून वरनं टेकवायचं, बोटांचा दाब सगळीकडं सारखा. दातांची टोकं निळी पडायला लागली तर ब्लेड जळलं, त्याचं पाणी उतरलं, मग ते धार धरत नाही. हात बसायला मला वर्ष लागलं. मोठ्या मेंढी-म्हशीच्या ब्लेडना एमरी पेपर चिकटवलेली मोठी चकती वापरतात, तत्त्व तेच. धार झाली की ब्लेडमधलं चुंबकत्व काढायचं नाहीतर लोखंडाचा कीस चिकटून राहतो, मग धुवायचं, पुसायचं, तेल, जोडी जुळवायची, आणि केसांवर कापून बघायचं. कागद कापून बघू नका. कागदानं फक्त धार खराब होते, काही कळत नाही.

सिरॅमिकचे पांढरे कटर निघालेत, ते कमी तापतात हे खरं आहे, पण हातातून पडले की दात उडाला समजा, आणि त्यांना साधी पावडर लागत नाही, हिऱ्याची लागते. गोठ्यासाठी मी तरी सांगत नाही.

आणि धार जाते कशानं? केसांनी फार कमी जाते. मातीनं जाते. शेण वाळून चिकटलेलं, ओढ्यावरनं लोळून आलेली म्हैस, त्या केसात बारीक वाळू असते, एका फेरीत ब्लेड गेलं. आदल्या दिवशी म्हैस खरारा करून, धुऊन, पूर्ण वाळू द्या. ओलं पण भादरू नका. वडील अंग ओलं असलं की मशीन पिशवीतनं काढायचेच नाहीत, मालक कितीही मोठा असो.

मोटरचं थोडक्यात सांगतो. हवा आत जायची जाळी केसांनी बंद झालेली असते, ती रोज ब्रशनं साफ करा, त्या गवळ्याच्या मशीनला तर जाळीवर गादी तयार झाली होती. मशीन मधेच बंद पडतंय, ठिणग्या दिसताहेत, जळका वास येतोय तर बहुतेक वेळा कार्बन संपलेले असतात, मिक्सरला ड्रिलला असतात तसेच, निम्मे झिजले की बदलायचे, दोन्ही एकदम. तेवढ्यासाठी लोक अख्खं मशीन भंगारात घालतात! आतला जो प्लॅस्टिकचा तुकडा कटरला इकडं तिकडं ढकलतो तो पण झिजतो, मग आवाज खडखड येतो आणि कटर पूर्ण फेरी मारत नाही, माणूस म्हणतो धार गेली, धार असतेच. ती छोटी घूं घूं करणारी मशीनं असतात त्यांच्यात मोटर नसून कॉईल असते, त्यांना बाजूला एक स्क्रू असतो, फिरवत नेला की एका जागी खडखडाट सुरू होतो, मग तो थांबेपर्यंतच उलटा आणायचा, झालं. अमेरिकेतनं भाचा पुतण्या कुत्र्यासाठी मशीन घेऊन येतो, तिकडचा करंट १२० व्होल्टचा, आपला २३०, नुसती पिन बदलून लावलं की धूर. आधी मशीनवरची पाटी वाचा.

गोठा ओला असतो, वायर म्हशीच्या पायाखाली येते, आणि जनावराला करंट माणसापेक्षा कमी व्होल्टला लागतो, पुढचा मागचा पाय लांब असल्यानं तो आरपार अंगातून जातो. सोललेली वायर चिकटपट्टी लावून वापरू नका, बदला. गोठ्याच्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच, बसवा. हे मी अगदी हात जोडून सांगतो.

मग आजारपण. गजकर्ण जनावराला होतं, कुत्र्यामांजराला होतं, त्यांच्याकडनं माणसाला होतं आणि मशीनमधनं एका गोठ्यातनं दुसऱ्या गोठ्यात जातं, त्याचं बी महिनोन् महिने केसांच्या कचऱ्यात जिवंत राहतं. माझ्या हातावर एकदा उठलं होतं, बरं व्हायला दोन महिने लागले आणि त्या काळात मी एकाही गोठ्यात गेलो नाही. मेंढ्यांमध्ये गाठींचा आजार असतो, गाठ फुटून पू ब्लेडला लागला आणि तेच ब्लेड पुढच्या मेंढीला कापलं की तिच्यात गेला. म्हणून आजारी दिसणारं जनावर शेवटी घ्यायचं, त्याचं ब्लेड वेगळं ठेवायचं. एका गोठ्यातनं निघताना ब्लेड काढा, केस ब्रशनं झाडा, धुवा, जंतुनाशक जेवढा वेळ सांगितलंय तेवढा वेळ लावून ठेवा, कोरडं करा आणि लगेच तेल. हाच क्रम, केस असताना वरनं औषध मारून काही होत नाही. ब्लीचनं गजकर्णाचं बी मरतं पण ते लोखंड पण खातं, क्लिपरसाठीचं औषध मिळतं ते घ्या. आणि आपल्याकडचा पावसाळा, गगनबावडा राधानगरीकडं तर चार महिने भिंती ओल्या, ब्लेड तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं नाही तर श्रावण संपेपर्यंत तांबडं होतं.

साहेब, हे सगळं मी का लिहिलं? कारण यात एक पण गोष्ट अवघड नाही. माझं शिक्षण दहावी आहे आणि मला जमतं. तरी दर महिन्याला माझ्याकडं अशी मशीनं येतात जी बिघडलेलीच नाहीत, फक्त त्यांना कुणी हात लावलेला नाही. त्या गवळ्यानं जिथनं मशीन घेतलं तिथं फोन केला, कटर मिळेल का विचारलं, उत्तर मिळालं सुटे पार्ट ठेवत नाही, नवीन मशीन घ्या, ऑफर चालू आहे. ज्या वस्तूचं ब्लेड झिजणार हे शंभर टक्के माहीत आहे ती वस्तू ब्लेड न ठेवता विकायची हे कसलं विकणं झालं? केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात ग्राहक दिनाला पोर्टल पण सुरू केलं, मोबाईल, गाड्या, घरातल्या वस्तू आणि शेतीची अवजारं असे विषय त्यात घेतलेत. गोठ्यातलं मशीन पण शेतीचंच अवजार आहे. विकणाऱ्यानं कटर, स्प्रिंग, कार्बन ठेवायचे आणि मराठीत एक पान द्यायचं, एवढी सक्ती करायला काय हरकत आहे?

दुसरं मागणं आयटीआयला. मोटर रिवाइंडिंग शिकवतात, फिटर शिकवतात, मग चार दिवसांचा हा एक भाग घाला. कोल्हापूरला सरफेस ग्राइंडर आणि लेथची कमी नाही, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बारीकात बारीक माप सांभाळणारी पोरं आहेत, त्यांना फक्त हे काम आहे हे माहीत नाही. दुरुस्तीवाला म्हणजे खालचा माणूस असं समजू नका. मेंढ्या कातरायचं मशीन ऑस्ट्रेलियात वुल्स्ली नावाच्या माणसानं काढलं, १८८८ साली तिकडं डनलॉप नावाच्या मोठ्या मेंढीफार्मवर सगळ्या मेंढ्या मशीननं कातरल्या, आणि ती मशीनं सुधारत बसणारा जो मेकॅनिक होता हर्बर्ट ऑस्टिन, त्यानं पुढं ऑस्टिन मोटारीची कंपनी काढली. हे वाचल्यापासून मी माझ्या पोराला सांगतो, हात काळे झाले म्हणून लाजू नको.

तिसरं, पशुवैद्यकीय दवाखाने आणि गावोगावच्या दूध संस्था. संस्थेत सकाळ संध्याकाळ सगळे येतातच, लसीकरणाच्या दिवशी डॉक्टर पण असतात, अर्धा तास काढून एक मशीन उघडून दाखवा, तेल कुठं, नट किती, ब्लेड कुठलं. कासेवरचे केस काढले की दुधात घाण कमी येते हे सगळे डॉक्टर सांगतात, मग ते कशानं आणि कसं काढायचे ते पण सांगायला पाहिजे. धनगर वाड्यांवर तर आधी जायला पाहिजे. लोकरीला भाव नाही, कातरणावळ सुद्धा निघत नाही म्हणून लोकांनी मेंढ्या कातरायचं लांबवलंय, आणि कुणी मशीन घेतलंच तर ते एका हंगामात पडून राहतं कारण धार लावायला माणूस नाही, परत कातर हातात. पुण्याला मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, त्यांनी मनावर घेतलं तर पट्टणकोडोलीच्या यात्रेला एवढा धनगर समाज गोळा होतो तिथं एक टेबल टाकून धार लावून द्यायला आणि शिकवायला काहीच अवघड नाही. मी स्वतः यायला तयार आहे, चकती घेऊन, पैसे नकोत.

ती म्हैस आता बरी आहे, कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर रोज जाते, टाक्यांची खूण राहिली आहे आणि अजून मशीनचा आवाज आला की मागचा पाय उचलते, मी तिला मशीन बंद ठेवून नुसतं अंगावरनं फिरवत फिरवत परत सवय लावतोय. ते १३ दातांचं ब्लेड मी फेकलेलं नाही, तसंच खोबरेलाच्या थरासकट प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलंय. कुठल्या आयटीआयच्या सरांना किंवा दवाखान्याच्या डॉक्टरांना शिकवताना दाखवायला पाहिजे असेल तर तुमच्या ऑफिसात आणून देतो.

कळावे,
आपला एक वाचक
(म्हशी भादरणारा व मशीन दुरुस्त करणारा)
ता. करवीर, जि. कोल्हापूर